कोमट

उर्वेच्या पाठीवर शाईने आखलेले चौकोन होते, तीस.
पट्ट्या निघाल्या तरी दोन दिवस आंघोळ नाही,
घाम येऊ द्यायचा नाही.
ती पालथी झोपायची,
आणि मी, तार्तूच्या पाच नंबर बसचा निवृत्त ड्रायव्हर,
रात्री बॅटरी मारून तो नकाशा पाहायचो,
कुठला थांबा लाल झालाय ते.

सात. एकोणीस. तेवीस.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिला.
सात म्हणजे निकेल : कात्रीची मूठ, किल्ल्या, डब्यातली जुनी चिल्लर.
एकोणीस म्हणजे भांड्यांचा साबण टिकावा म्हणून
त्यात घालतात ते काहीतरी,
ज्याचं नाव आमच्या रस्त्याहून लांब.
तेवीस म्हणजे सुवास.
"कुठला सुवास?" उर्वेने विचारलं.
"सगळेच," बाई म्हणाल्या,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

शाळेच्या स्वयंपाकघरातली पातेली घासून आली
की ती घरची घासायची. एकेचाळीस वर्षं.
मी ताट सरकवायचो आणि बातम्या लावायचो.
जानेवारीत बाहेर उणे वीस, आत हीटर,
तिच्या पेरापेरांवर भेगा.
काळ्या पावाचं पीठ मळताना ती दात आवळायची.
मला वाटायचं, पीठ घट्ट झालं असेल.

तळहाताच्या फोडासारखं जपावं, असं म्हणतात.
म्हणणाऱ्याने फोड पाहिलेला नसतो.
जपणं म्हणजे आधी सुती मोजे, त्यावर व्हिनाइलचे,
रबर नको,
वीस मिनिटांच्या वर नको,
आत ओल आली तर काढा, उलटे करा, वाळवा.
अंगठी पाण्याआधी उतरवा,
तिच्याखाली साबण दबा धरून बसतो.

अंगठी आता चहाच्या गाळणीशेजारच्या हुकाला असते.
पाव्हणे विचारतात. आम्ही एकमेकांकडे बघतो
आणि ज्याला आधी सुचेल तो थाप मारतो.

मग मे आला. अंगणातले बर्च फुलले,
आणि दोरीवरच्या चादरी त्यांच्या पिवळ्या धुळीसकट घरात आल्या.
रात्रभर शिंका. पापण्या पुरीसारख्या.
आता कपडे आत वाळतात, खुर्च्यांवर, दारांवर,
माझी पायजमा-जोडी पाहुण्यासारखी सोफ्यावर बसलेली.
कच्चं सफरचंद खाल्लं की तिचा घसा खाजतो,
कच्चा बटाटा सोलला की मनगट.
तोच उकडला की गुण्यागोविंदाने नांदतो.
म्हणून बटाटे मी सोलतो.
सालीबरोबर अर्धा बटाटाही जातो.

शेजारची साल्मे म्हणाली, आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.
बोलताना तिने हात एप्रनच्या खिशात घातले होते
आणि ते शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीत.

सिंकपाशी आता मी.
"कढत नको, कोमट घे," उर्वे टेबलावरून सांगते.
माझ्या हातांना काही होत नाही,
स्टिअरिंगने त्यांची कातडी केव्हाच बुटाची केली आहे.
तरीही मी कोमटच घेतो.
ती तव्याच्या बुडावरून कोपर फिरवते, बोट नाही,
आणि म्हणते, "काल्यु, चिकट आहे."
मी परत घासतो.
तव्याला बूड असतं
हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

लव्हेंडर गेलं, लिंबू गेलं, पाइनचं फरशीचं पाणी गेलं.
घराला कसलाच वास उरला नाही.
पहिले काही आठवडे मला वाटायचं
आपण भाड्याच्या खोलीत राहतोय.

काल रात्री तिच्या मानेमागे मलम लावताना
एक वास आला,
किंचित, पिठासारखा, उन्हात ठेवलेल्या लोकरीसारखा.
इतकी वर्षं कशाकशाच्या मागे उभा होता कोण जाणे.
मी बोललो नाही.
ती म्हणाली असती, तेवीस नंबर.

मलम बोटावर जास्त आलं होतं.
"वाया घालवू नकोस," ती म्हणाली,
आणि माझा हात ओढून
उरलेलं माझ्याच कोपराला पुसलं.